शरीर कमवायचे आहे? मग बेताने सुरुवात करा

श्रोतेहो, थंडी पडू लागली की गावोगावच्या तरुण पोरांना व्यायामाची आठवण होते. कुणाला पोलिसात भरती व्हायचे असते, कुणाला जत्रेत कुस्तीच्या फडात उतरायचे असते, तर कुणाला नुसतेच वाटत असते की सदरा अंगावर जरा भरून दिसावा. यात वाईट काही नाही. पण पहिल्या दिवशी ईर्ष्येने दोनशे बैठका मारायच्या, दुसऱ्या दिवशी ओट्यावरून खाली उतरवत नाही, आणि आठव्या दिवशी व्यायामाला रामराम, हा प्रकार आपण सर्वांनीच पाहिला आहे. पेरणीच्या दुसऱ्या दिवशी शेतात कुणी कणसे शोधत नाही. शरीराचेही तसेच आहे.

तेव्हा प्रथम शरीर वाढते कसे, ते पाहू. पुष्कळांची समजूत अशी की जोर काढताना दंड वाढतो. खरे म्हणजे त्या वेळी दंड फक्त थकतो. त्याला नेहमीपेक्षा जास्त ताण बसतो, आणि शरीराला इशारा मिळतो की येथे बळ कमी पडते आहे. नंतर तुम्ही जेवता, झोपता, तेव्हा शरीर त्या स्नायूची डागडुजी करते व त्याला थोडा अधिक भक्कम करते. म्हणजे व्यायाम, अन्न आणि विश्रांती या तिन्ही गोष्टी मिळून शरीर बनते. एक जरी कमी पडली तरी बाकीच्या दोहोंचे श्रम वाया जातात.

आता तुम्ही म्हणाल, "आम्ही दिवसभर शेतात राबतो, मग आम्हांला वेगळा व्यायाम कशाला?" प्रश्न रास्त आहे. शेतातल्या कामाने दम वाढतो, चिवटपणा येतो. पण ते काम रोज साधारण सारखेच असते. शरीराला एकदा त्याची सवय झाली की पुढे वाढण्याचे त्याला कारण उरत नाही. शिवाय वाकून वाकून पाठ आखडते ती वेगळीच. शरीर कमवायचे तर ताण थोडाथोडा वाढत गेला पाहिजे. मायलो नावाच्या प्राचीन ग्रीक मल्लाची एक दंतकथा सांगतात. तो म्हणे रोज एक वासरू खांद्यावर घेऊन चाले. वासरू दिवसेंदिवस वाढत गेले, तसे याचे बळही वाढले. कथा खरी असो वा नसो, तिच्यातले मर्म मात्र पक्के खरे आहे.

सुरुवातीला साहित्य लागत नाही. बंगालचे मनोहर ऐच हे इंग्रजांच्या तुरुंगात असताना कसलेही साधन नसता व्यायाम करीत. उंची अवघी चार फूट अकरा इंच. पण १९५२ साली त्यांनी मिस्टर युनिव्हर्स स्पर्धेत आपल्या गटाचा किताब मिळवला, आणि पुढे १०४ वर्षांचे आयुष्य जगून २०१६ साली ते वारले.

नवशिक्याने आठवड्यातून तीन दिवस व्यायाम करावा. सोमवार, बुधवार, शुक्रवार हे दिवस सोयीचे. मधल्या दिवशी चालावे, पळावे, पण त्याच स्नायूंना पुन्हा ताणू नये. आधी पाच-दहा मिनिटे भरभर चालून, हातपाय फिरवून अंग गरम करा. मग चार गोष्टी करा.

पहिली गोष्ट बैठका. पाठ सरळ, टाचा जमिनीला टेकलेल्या, आणि गुडघे पावलांच्या दिशेने. दहा बैठका, दोन मिनिटे विसावा, असे तीन वेळा.

दुसरी गोष्ट जोर. जमिनीवर जमत नसतील तर लाजू नका. पाराच्या किंवा ओट्याच्या काठावर हात टेकून काढा. आठ-आठचे तीन फेरे पुरेत.

तिसरी गोष्ट ओढण्याची, आणि हीच पुष्कळजण विसरतात. झाडाची मजबूत आडवी फांदी धरून अंग वर ओढा. पूर्ण ओढता येत नसेल तर कमरेइतक्या उंचीच्या दांड्याखाली तिरपे लटका, पाय जमिनीवर ठेवा आणि छाती दांड्याकडे न्या. नुसते जोर काढून खांदे पुढे झुकतात. ओढण्याने पाठ सरळ राहते.

चौथी गोष्ट वजन घेऊन चालणे. दोन्ही हातांत पाण्याने भरलेले पाच-पाच लिटरचे डबे घ्या आणि ताठ मानेने अंगणात फेऱ्या मारा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे वजनाचा हिशोब आपोआप होतो.

जोर लावताना श्वास सोडा, कोंडून धरू नका. आणखी दोन-तीन सहज निघतील असे वाटते आहे तोवरच थांबा. प्रत्येक दिवसाचा आकडा एका वहीत लिहून ठेवा. दहा सोप्या वाटू लागल्या की बारा करा, मग पंधरा. त्यानंतर ओटा सोडून जमिनीवर या, किंवा बैठकांना पाठीवर वाळूची पिशवी घ्या.

पहिले चार-सहा आठवडे बळ वाढल्याचे जाणवेल, पण आरशात फरक दिसणार नाही. कारण त्या काळात मेंदू आणि मज्जातंतू आहे तोच स्नायू नीट वापरायला शिकत असतात. स्नायूचा आकार दिसू लागायला दोन-तीन महिने जातात. बहुतेक पोरे नेमकी याच सुमारास कंटाळून सोडतात. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये सहावे आले. आणखी चार वर्षे मेहनत झाली, तेव्हा १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळाले.

आता खुराक. तूप-बदाम परवडत नाहीत म्हणून कुणी हिरमुसू नये. स्नायूला प्रथिने लागतात. साठ किलो वजनाच्या व्यायाम करणाऱ्या तरुणाला दिवसाला सुमारे ७० ते ९५ ग्रॅम प्रथिने पुरतात. हिशोब करा. ज्वारीच्या तीनशे ग्रॅम पिठाच्या भाकरीतून सुमारे ३० ग्रॅम, साठ ग्रॅम डाळ वा कडधान्यातून १३, मूठभर म्हणजे पन्नास ग्रॅम शेंगदाण्यांतून १२, आणि अर्धा लिटर दुधातून १६. बेरीज ७१ झाली. दोन अंडी खाल्ली तर आणखी १२. हे सारे आपल्या घरातच आहे.

मग डब्यातली पावडर? दूध फाटल्यावर जी निवळी उरते, तिच्यातली प्रथिने सुकवून बहुतेक पावडरी बनतात. त्यात जादू काही नाही. घरच्या अन्नाने भागत असेल, तर बापाच्या दुधाच्या हप्त्यातले पैसे त्यापायी घालवू नका. आणि कुणी "महिन्यात छाती भरते" म्हणून गोळ्या किंवा सुया देऊ लागला, तर त्याच्या सावलीलाही उभे राहू नका. त्यांत बहुधा स्टिरॉइड असतात. त्यांनी हृदय आणि यकृत बिघडते, पुरुषाची प्रजननशक्ती घटते, आणि वाढत्या वयातल्या मुलांची उंची कायमची खुंटू शकते.

आणखी एक धोका सांगतो. सवय नसताना एकदम शेकडो बैठका मारल्या, तर स्नायू फुटून त्यातले द्रव्य रक्तात मिसळते आणि मूत्रपिंडावर भार येतो. दोन-तीन दिवस अंग दुखणे ठीक आहे. पण स्नायू सुजून फार दुखू लागले आणि लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली, तर घरगुती उपाय न करता ताबडतोब दवाखाना गाठा. रक्तदाब किंवा हृदयाचा विकार असणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी.

गुरुजनांना एक विनंती. व्यायामाने मुलांची वाढ खुंटते ही भीती निराधार आहे. बेताने आणि देखरेखीखाली केला तर त्याने हाडे मजबूत होतात, मुलांची आणि मुलींचीही. तेव्हा मुलींना कडेला उभे करू नका. आणि उठाबशा शिक्षा म्हणून कधीही देऊ नका. एक तर त्यातूनच वर सांगितलेला अपाय होऊ शकतो. दुसरे म्हणजे जी गोष्ट शिक्षा म्हणून भोगली, ती मूल पुढे आनंदाने कशी करील? त्यापेक्षा वर्गात एक तक्ता लावा. कोण पहिला आला हे त्यावर लिहू नका. प्रत्येकाने स्वतःच्या मागच्या आकड्यापेक्षा किती प्रगती केली, एवढेच लिहा. अशक्त मूलही मग उत्साहाने पुढे येईल.

शेवटी झोप. मोठ्यांना सात-आठ तास आणि शाळकरी मुलांना त्याहून जास्त झोप हवी. रात्री बारापर्यंत मोबाइल पाहून पहाटे पाचला जोर काढण्यात अर्थ नाही.

तेव्हा मंडळी, उद्या पहिल्या दिवशी दहाच बैठका मारा. अकरावी मारावीशी वाटली, तर ती परवासाठी राखून ठेवा.