मोटारीच्या कारखान्यातला सॅक्सोफोन

सॅक्सोफोन आपल्याला नवा नाही. वरातीत बँडवाल्यांच्या रांगेत वाकड्या सोंडेचे चकचकीत पितळी वाद्य असते ना, तेच ते. बेल्जियमच्या अ‍ॅडॉल्फ सॅक्सने ते बनवले, १८४६ साली त्याचे पेटंट घेतले आणि युरोपच्या लष्करी बँडांत ते बरीच वर्षे कवायतीच्या चालीवर वाजत राहिले. पण या पितळेला माणसासारखे हुंदके द्यायला आणि हसायला कोणी शिकवले? अमेरिकेतल्या गुलामांच्या वंशजांनी. त्यांच्यातल्याच एका वादकाची ओळख आज आम्ही करून देणार आहोत. त्यांचे नाव युसूफ लतीफ.

जगभरच्या वाद्यांचा आणि सुरांचा मिलाफ करणाऱ्या जाझ वादकांत जॉन कोल्ट्रेन यांचे नाव नेहमी पहिले घेतले जाते. कोल्ट्रेन थोर होतेच. पंडित रविशंकर यांच्याविषयी त्यांना इतका आदर, की १९६५ साली जन्मलेल्या मुलाचे नाव त्यांनी रवी ठेवले. परंतु कोल्ट्रेन यांनी ‘इंडिया’ ही रचना मुद्रित केली १९६१ च्या नोव्हेंबरात. लतीफ यांच्या तबकड्यांवर अरबी आणि इजिप्ती वाद्ये १९५७ सालीच वाजू लागली होती. आणि ती कोठून आली, ही हकीकत आम्हाला अधिक मोलाची वाटते.

लतीफ यांचा जन्म ९ ऑक्टोबर १९२० चा, टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा गावचा. काळ्यांची शाळा वेगळी, गाडीतली जागा वेगळी, असा तो दक्षिणेचा मुलूख. मूल पाच वर्षांचे असताना कुटुंब उत्तरेला डेट्रॉईटला आले. डेट्रॉईट म्हणजे मोटारींचे शहर. गिरणीच्या भोंग्यावर जसा एके काळी परळ-लालबाग चालत असे, तसे ते शहर मोटार कारखान्यांच्या पाळ्यांवर चालायचे. वयाच्या अठराव्या वर्षी त्यांच्या हातात सॅक्सोफोन आला. पुढे मोठमोठ्या बँडांतून ते गावोगाव हिंडले, १९४९ साली डिझी गिलेस्पी यांच्या नामांकित ताफ्यात वाजवू लागले. पण वर्षभरातच ते घरी परतले. संसार होता. वाजवून पोट भरेना, तेव्हा त्यांनी क्रायस्लर मोटारींच्या कारखान्यात नोकरी धरली. दिवसा कारखाना, रात्री सॅक्सोफोन, आणि मधल्या वेळात वेन विद्यापीठात संगीतरचना व बासरीचे शिक्षण! हा माणूस झोपायचा केव्हा, असा प्रश्न आमच्या मनात आल्यावाचून राहिला नाही.

तबकड्या काढण्याचा करार हाती आला, तेव्हा लतीफ यांनी एक सरळ हिशेब केला. आपल्याला वर्षानुवर्षे वाजवायचे आहे, तर तेच तेच किती दिवस वाजवणार? सांगण्यासारखे वाढवले पाहिजे. म्हणून ते डेट्रॉईटच्या सार्वजनिक ग्रंथालयात जाऊन बसू लागले आणि परदेशांतल्या संगीताची पुस्तके वाचू लागले. त्याच सुमारास कारखान्यात सीरिया देशातून आलेला एक कामगार त्यांना भेटला. तुम्हाला रबाब ठाऊक आहे का, असे त्याने विचारले. लतीफ यांना ठाऊक नव्हते. त्या सहकाऱ्याकडून हे चामड्याने मढवलेले अरबी तंतुवाद्य त्यांना कळले, आणि पुढे ते त्यांच्या तबकड्यांवर आले. कोणा दरबारी उस्तादाने नव्हे, शेजारी उभे राहून घाम गाळणाऱ्या माणसाने आपल्या मुलखाचा सूर त्यांच्या हाती दिला. जगाचे संगीत असे पाळी बदलताना गाठ पडलेल्या दोन कामगारांच्या बोलण्यातून आले, हे फारसे कोणी सांगत नाही.

आता थोडे वाद्यांविषयी. सॅक्सोफोन पितळेचा असला तरी त्याच्या तोंडाशी बोरूसारख्या गवताची एक पातळ पत्ती असते. फुंकर मारली की ती थरथरते आणि आवाज निघतो. ओबो नावाच्या पाश्चात्त्य वाद्यात अशा दोन पत्त्या एकमेकींना चिकटून असतात. आपल्या सनईतही पत्तीचीच करामत. म्हणजे नाकात किंचित बोलणारा ओबो हा सनईचा लांबचा भाऊच म्हणायचा. लतीफ यांनी ओबो आत्मसात केला, आणि पुढे सनईही वाजवली. इजिप्तमधला अर्घूल त्यांनी घेतला. त्याला दोन नळ्या असतात. एकीवर चाल वाजते, दुसरी एकच सूर धरून ठेवते. गारुड्याची पुंगी आठवा, तीच युक्ती. लतीफ यांनी सगळी वाद्ये शोभेसाठी गोळा केली नव्हती. बहुतेकांचा जीव फुंकरीत आणि पत्तीत होता, आणि फुंकर तर त्यांचीच होती.

प्रत्येक प्रयोग जमला असेही नाही. सुरुवातीच्या काही तबकड्यांवर सोड्याची बाटली आणि फुगासुद्धा वाजतो. ते ऐकताना गंमत वाटते, मन मात्र हलत नाही.

मन हलते ते ‘ईस्टर्न साउंड्स’ ऐकताना. ५ सप्टेंबर १९६१ रोजी न्यूजर्सी राज्यात एका दिवसात मुद्रित झालेली ही तबकडी. पियानोवर बॅरी हॅरिस, ढोलांवर लेक्स हम्फ्रीज, आणि कधी बास तर कधी रबाब घेऊन अर्नी फॅरो. पहिलीच रचना ‘द प्लम ब्लॉसम’. तीत लतीफ शुन नावाचे चिनी वाद्य फुंकतात. शुन म्हणजे भाजलेल्या मातीचे, भोके पाडलेले, मुठीत मावणारे पोकळ भांडे. हजारो वर्षांचे जुने, आणि त्यातून सूर निघतात अगदी मोजके. सॅक्सोफोनवर वाऱ्याच्या वेगाने बोटे फिरवणारा हा वादक येथे त्या चार-पाच सुरांत समाधान मानतो. एक सूर लावतो, थांबतो, पुन्हा तोच लावतो. मागे ताल मात्र अमेरिकेतला, ब्लूजच्या चालीचा, डुलत डुलत जाणारा. चीनची माती आणि कापसाच्या मळ्यातली चाल एकमेकांना ढकलत नाहीत, शेजारी बसतात. पुढे ओबोवर ‘ब्लूज फॉर द ओरिएंट’ येते. आणि त्यानंतर ‘स्पार्टाकस’ या १९६० च्या चित्रपटातली अ‍ॅलेक्स नॉर्थ यांची प्रेमधून. रोमन सत्तेविरुद्ध बंड करून उठलेला गुलाम म्हणजे स्पार्टाकस. ती धून गुलामांच्या वंशजाने ओबोवर इतकी हळुवार वाजवली आहे, की शेवटचा सूर विरल्यावर बोलावेसे वाटत नाही.

एक गोष्ट राहिली, ती नावाची. घरचे त्यांचे नाव विल्यम. वडिलांनी आडनाव हडलस्टनचे इव्हान्स केले होते. १९५० च्या सुमारास इस्लाम स्वीकारल्यावर त्यांनी युसूफ लतीफ हे नाव घेतले. आपले नाव आपण ठेवणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना समजावून सांगायला नको. आपल्या संगीतालाही त्यांनी दुसऱ्याने दिलेले नाव लावून घेतले नाही. ‘जाझ’ या शब्दाला अश्लील आणि हलके अर्थ चिकटलेले आहेत, तो शब्द माझ्या कामाला नको, असे ते आयुष्यभर सांगत राहिले. त्यांनी नवा शब्द घडवला, ‘ऑटोफिजिओसायकिक’. देह, मन आणि आत्मा यांतून येणारे संगीत, असा त्याचा अर्थ. शब्द जिभेवर बसत नाही हे खरे, दुकानदारांनी तो कधी लावलाही नाही. आम्हीसुद्धा वर ओळखीसाठी जाझ म्हटलेच आहे. पण त्यांचा आग्रह आम्हाला पूर्ण पटतो. चार माणसांत ज्या शब्दाने हिणवले गेले, तोच शब्द मानाने मिरवा असे सांगणे सोपे असते. ज्याला हिणवले गेले त्याला विचारा.

१९८० साली त्यांनी आणखी एक निश्चय केला. जेथे दारू विकली जाते तेथे वाजवायचे नाही. रात्रीच्या क्लबांवर ज्या वादकांचे घर चालते, त्यांच्यापैकी एकाने हे म्हणावे, म्हणजे मिळकतीच्या ताटालाच हात लावणे होते. माताभगिनींना हे विशेष सांगावेसे वाटते.

शिक्षण त्यांनी सोडलेच नाही. पन्नाशीच्या उंबरठ्यावर, १९६९ साली, त्यांनी न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन स्कूल ऑफ म्युझिकमधून बासरीची पदवी घेतली, पुढच्या वर्षी संगीतशिक्षणात एम. ए. केले. १९७५ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातून ते शिक्षणशास्त्राचे डॉक्टर झाले. मग १९८१ ते १९८५ ही वर्षे त्यांनी आफ्रिकेत, नायजेरियातल्या झारिया शहरी काढली. तेथल्या अहमदू बेल्लो विद्यापीठात राहून त्यांनी सारेवा या फुलानी लोकांच्या बासरीचा अभ्यास केला. साठी ओलांडलेला, नावाजलेला कलावंत बासरी शिकायला पुन्हा विद्यार्थी होतो! दुसऱ्याचा सूर घ्यायचा तर आधी त्याच्या दारी जाऊन बसले पाहिजे, ही त्यांची रीत अशी शेवटपर्यंत टिकली. १९८८ साली त्यांना ग्रॅमी पुरस्कार मिळाला तो ‘न्यू एज’ नावाच्या भलत्याच विभागात. पुन्हा एकदा दुसऱ्याने लावलेली चिठ्ठी!

नव्वदी पार केल्यावरही ते वाजवत होते. २३ डिसेंबर २०१३ रोजी, ९३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यांचे वादन आता मोबाईलवरही सापडते. पहिल्यांदा ऐकणाऱ्यांनी सॅक्सोफोनच्या लांब रचनांपासून सुरुवात करू नये, कान बिचकतील. ‘द प्लम ब्लॉसम’ लावा. जेमतेम पाच मिनिटांची आहे. रात्री जेवणे आटोपल्यावर, टीव्ही बंद करून, मुलांना जवळ घेऊन ऐका, आणि मातीच्या त्या भांड्यातून किती सूर निघतात ते त्यांना मोजायला सांगा.