वाळूतली अंगठी बोलते कशी?
समुद्रात डुंबून बाहेर येता आणि लक्षात येतं, बोटातली अंगठी नाही! गार पाण्याने बोटं आकसतात, ओली अंगठी सहज निसटते. पडली तिथे चाचपून पाहू म्हणावं, तर येणारी प्रत्येक लाट वाळू सैल करते. बावीस कॅरटचं सोनं वाळूच्या कणापेक्षा साडेसहा पटींहून अधिक जड. अंगठी गुपचूप खाली उतरत जाते.

अशा वेळी मदतीला धावणारी माणसं जगात आहेत. मेटल डिटेक्टर घेऊन पुराणी नाणी शोधण्याचा छंद असलेली ही मंडळी अनोळखी माणसाची हरवलेली वस्तू शोधायला भर थंडीत येतात. कित्येकजण ठरावीक फीसुद्धा घेत नाहीत, वस्तू मिळाली तर खुशीने द्याल तेवढं घेतात. पण वीतभर वाळूखालची अंगठी त्यांना कळते कशी?

काठीच्या टोकाला असलेल्या तबकडीत तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. त्यातून वाहणारी वीज सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलते, त्यामुळे तबकडीखाली एक सतत थरथरणारं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. कोरड्या वाळूला त्याचं काहीच नाही. पण ते सोन्याला भिडलं, की सोन्याच्या अंगात विजेचे बारीक भोवरे उठतात. स्वयंपाकघरातली इंडक्शनची शेगडी याच भोवऱ्यांनी पातेलं तापवते. आणि आता गंमत पाहा: या भोवऱ्यांचंही स्वतःचं चुंबकीय क्षेत्र असतं! ते वाळूतून वर येतं, तबकडीतलं दुसरं वेटोळं ते टिपतं आणि कानात सूर वाजतो. म्हणजे हे यंत्र सोनं ‘पाहत’ नाही. ते सोन्याला क्षणभर चुंबक बनवतं आणि त्याचं उत्तर ऐकतं.

त्याहून मोठं नवल अंगठीच्या आकाराचं. विजेला फिरायला अखंड वाट लागते, आणि अंगठी म्हणजे नेमकी तीच, सलग गोल वाट. तीच अंगठी एका जागी चिरली, की वाट तुटते आणि उत्तर एकदम क्षीण होतं. बारीक सोनसाखळीत तर वीज एका कडीतून दुसरीत नीट जातच नाही. प्रत्येक चिमुकली कडी आपापल्यापुरती कुजबुजते. म्हणून तोळाभराची साखळी हातची जाऊ शकते आणि तिच्याहून हलकी अंगठी खणखणीत वाजते. मंगळसूत्र वाळूत हरवलं, तर यंत्राला आधी ऐकू येतील त्या बहुधा वाट्या!

उत्तर किती रेंगाळत आलं, यावरून धातूचा अंदाज येतो. पण थंड पेयाच्या कॅनवरची ॲल्युमिनियमची कडी आणि सोन्याची अंगठी पुष्कळदा जवळजवळ सारखंच उत्तर देतात. कचरा समजून कडी सोडली, तर अंगठीही सुटायची. म्हणून हा शोधक वाळूवर पट्टे आखतो, प्रत्येक पट्टा आधीच्यावर थोडा चढवत नेतो आणि कंटाळा न करता कडीमागून कडी उकरत राहतो. त्याआधी तो तुम्हाला खोदून खोदून विचारतो: कुठे उभे होता, पाणी कुठवर होतं, टॉवेल कोणत्या हाताने झटकलात? मला ही चिकाटी यंत्राइतकीच अद्भुत वाटते.

ओल्या वाळूची आणखी एक अडचण. खारं पाणी स्वतःच वीज वाहून नेतं, म्हणजे अख्खा किनाराच उत्तर देऊ लागतो! त्यावर तोड निघाली आहे. काही यंत्रं एक जोरदार झटका देतात आणि गप्प बसून ऐकतात. खाऱ्या पाण्यातले भोवरे चटकन विझतात, धातूतले सेकंदाचे काही लाखांश भाग जास्त टिकतात. तेवढ्या फटीतून अंगठी ओळखायची!

ही विद्या जन्मली तीसुद्धा हरवलेली गोष्ट शोधायलाच. १८८१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळीबार झाला आणि गोळी शरीरात नेमकी कुठे आहे ते कळेना. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी घाईघाईने असंच एक यंत्र उभारलं. जुन्या सैनिकांच्या अंगात राहिलेल्या गोळ्यांवर ते चाललंही. पण राष्ट्राध्यक्षांच्या गादीखाली पोलादी तारा होत्या, आणि डॉक्टर शरीराची उजवीच बाजू तपासू देत होते. गोळी होती डावीकडे. सप्टेंबरमध्ये गारफिल्ड गेले.

आणि १६ नोव्हेंबर १९९२ला इंग्लंडमधल्या हॉक्सन गावी काय झालं? एका शेतकऱ्याची हातोडी शेतात हरवली. त्याचे स्नेही एरिक लॉझ डिटेक्टर घेऊन ती शोधायला गेले. सूर वाजला, माती उकरली, तर चांदीचे चमचे, सोन्याचे दागिने, नाणीच नाणी! लॉझ यांनी सगळं उपसून काढलं नाही. खणणं थांबवून त्यांनी ताबडतोब कळवलं. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वज्ञ आले, म्हणून लाकडी पेटीचा मातीत उरलेला मागही हाती लागला. रोमन काळाच्या अखेरीचा तो ठेवा, एकट्या नाण्यांचीच संख्या १४,८६५! बक्षिसाचे साडेसतरा लाख पौंड लॉझ यांनी शेतकऱ्याबरोबर वाटून घेतले, कायद्याचं तसं बंधन नसताना.

हातोडीही सापडली. ती आता ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आहे.