भात बंद केला की दम कमी होतो का?

फुफ्फुसाचा जुनाट आजार, म्हणजे सीओपीडी, असल्याचे डॉक्टरांनी सांगितले की घरात पहिला हुकूम सुटतो तो ताटावर. भात बंद, बटाटा बंद, साखर बंद! दादी आधीच दोन घास खाऊन धापा टाकत असते. त्यात हे. (आजार फक्त विडी-सिगारेटवाल्यांना होतो असेही समजू नका. लाकूड-गोवऱ्यांच्या चुलीपुढे फुंकणी घेऊन आयुष्य काढलेल्या कितीतरी बायकांना तो जडलेला आहे.)

या हुकमामागे थोडे शास्त्र आहे. पिठूळ आणि गोड पदार्थ जाळताना शरीर जेवढा प्राणवायू घेते, तेवढाच कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तेल-तूप जाळताना दहा भाग प्राणवायूमागे तो सातच भाग निघतो. थकलेल्या फुफ्फुसांना हा वायू बाहेर टाकणे जड जाते, म्हणून जास्त स्निग्ध आणि कमी पिष्ट असलेली खास डबाबंद पेयेही बाजारात आली. परंतु व्हेंटिलेटरवरील रुग्णांवर केलेल्या आणि १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेगळेच दिसले. एकूण उष्मांक तेवढेच ठेवून पिष्टाचे प्रमाण बदलले, तर कार्बन डायऑक्साइडमध्ये फारसा फरक पडला नाही. गरजेपेक्षा जास्त अन्न दिले तेव्हा मात्र तो वाढला.

म्हणजे भाकरी ही दुश्मन नव्हे. खरा धोका वजन घटण्याचा आहे. श्वास घेण्यातच या रुग्णांची बरीच शक्ती खर्च होते. अन्न कमी पडले की शरीर स्नायू खाऊ लागते, आणि श्वास ओढणारे स्नायूही त्यात झिजतात. १६० सेंमी उंचीच्या माणसाचे वजन ५४ किलोच्या खाली गेले, तर या आजारात ती काळजीची गोष्ट मानतात.

म्हणून ताटातून भात काढायचाच असेल, तर त्या जागी काही तरी ठेवा. अर्धी वाटी भात कमी केला तर एक अंडे, मासळीचा तुकडा, थोडा खिमा किंवा घट्ट डाळ वाढा. डाळीवर चमचाभर तूप घाला. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र प्रथिने डॉक्टरांना विचारूनच वाढवावीत. लठ्ठ रुग्णाची गोष्ट वेगळी. त्याला साखर आणि मैदा कमी केल्याचा फायदाच होईल.

किती वाढता यालाही महत्त्व आहे. पोट तट्ट भरले की ते पडद्याला वर रेटते आणि दम लागतो. बिर्याणीच्या एका मोठ्या ताटापेक्षा दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे द्यावे. जेवणापूर्वी थोडी विश्रांती घेऊ द्यावी. ऑक्सिजनची नळी लावायला सांगितली असेल तर जेवतानाही ती काढू नये. आपल्याकडे पाहुणे आले की हमखास काढतात! रोजा ठेवायचा की नाही हे डॉक्टरांशी बोलून ठरवावे, आजाऱ्याला सवलत आहेच. ठेवलाच, तर इफ्तारला शरबत, भजी आणि जेवण एकदम उरकू नये.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना भाकरी-भात परस्पर कमी केला तर रक्तातील साखर एकाएकी उतरू शकते. आधी डॉक्टरांना सांगा.

दर महिन्याला एकाच काट्यावर वजन करून कॅलेंडरवर लिहून ठेवा. सहा महिन्यांत ५० चे ४७ झाले तर दवाखान्यात सांगा. पायांवर सूज असेल तर काटा फसवतो. अशा वेळी हातातली बांगडी सैल झाली आहे का ते पाहावे.