पाण्याचा जमाखर्च



हिवाळा सुरू झाला की आमच्या अश्दोदच्या घरी नातवाचे लक्ष बातम्यांकडे असते. हवामान सांगून झाले की तो धावत स्वयंपाकघरात येतो. "आजी, किन्नेरेत दोन सेंटिमीटर वर!" परवा मात्र त्याने विचारले, "दोन सेंटिमीटर म्हणजे माझ्या बोटाएवढे पण नाही. मग टीव्हीवर एवढे काय सांगतात?"

प्रश्न बरोबर होता. म्हणून त्याला जे सांगितले तेच इथे लिहिते. मुलांनो, तुम्हीही वाचा, आणि आजी-आजोबांना डोळ्यांचा त्रास असेल तर त्यांना वाचून दाखवा.

किन्नेरेत सरोवराचा पसारा सुमारे 165 चौरस किलोमीटर. एवढ्या पसाऱ्यावर एक सेंटिमीटर पाणी चढले म्हणजे जवळजवळ 165 कोटी लिटर पाणी आले! बोट लहान, पण तळे मोठे.

हे पाणी येते कुठून? हर्मोन डोंगरावर बर्फ आणि पाऊस पडतो. तो जमिनीत मुरतो, झऱ्यांनी बाहेर येतो, दान, बनियास आणि हसबानी या ओढ्यांतून यार्देन नदीत उतरतो आणि किन्नेरेतला मिळतो. ज्या सगळ्या जमिनीवरचे पाणी उताराने एकाच जागी येऊन मिळते, तिला मराठीत पाणलोट क्षेत्र म्हणतात. किन्नेरेतचे पाणलोट सुमारे 2,700 चौरस किलोमीटरचे आहे आणि त्याचा काही भाग लेबनॉनमध्ये आहे. पाणी सरहद्द पाहत नाही, उतार पाहते.

आता हिशेब. आपल्या आया महिन्याच्या सुरुवातीला वही घेऊन बसायच्या, आठवते ना? पगार किती आला, वाण्याचे किती, दुधाचे किती, हातात किती उरले. पाण्याचेही तसेच. इथे पाण्याचे वर्ष 1 ऑक्टोबरला सुरू होते, म्हणजे सुक्कोथच्या सुमारास. भारतात ते 1 जूनला सुरू होते, कारण तिकडे पाऊस तेव्हा. जमेच्या बाजूला पाऊस, बर्फ आणि झरे. खर्चाच्या बाजूला घरे, शेते, कारखाने. आणि एक खर्च असा की तो कोणी करत नाही तरी होतोच, तो म्हणजे ऊन. किन्नेरेतचे वर्षाला दीड मीटरच्या आसपास पाणी नुसते वाफ होऊन जाते.

1964 मध्ये किन्नेरेतचे पाणी दक्षिणेकडे नेणारी मोठी वाहिनी, मोविल, सुरू झाली. एके काळी तिच्यातून वर्षाला 30 कोटी घनमीटरहून जास्त पाणी उचलले जाई. नेगेवमधली शेती त्यावर उभी राहिली. पण पाऊस काही दरवर्षी सारखा पगार देत नाही. म्हणून तळ्याला रेघा आखल्या. वरची लाल रेघ समुद्रसपाटीपासून उणे 208.80 मीटर. पाणी त्याच्या वर गेले तर काठ बुडतील. खालची लाल रेघ उणे 213. त्याच्याही खाली एक काळी रेघ आहे, उणे 214.87. नोव्हेंबर 2001 मध्ये पाणी त्या आकड्याला जाऊन टेकले. त्या आधी लाल रेघ ओलांडूनही पाणी उपसणे चालूच होते. रेघ आखणे सोपे, पण ती पाळायची म्हणजे कोणाचे तरी पाणी कापावे लागते!

मग सरकारने दोन्ही बाजूंनी हात घातला. खर्च कमी केला, म्हणजे शेतीचे गोडे पाणी कापले आणि त्याऐवजी शहरांचे सांडपाणी शुद्ध करून दिले. आज देशातले ऐंशी टक्क्यांहून जास्त सांडपाणी पुन्हा शेतीला जाते. आणि जमा वाढवली. अश्केलोनला 2005 मध्ये समुद्राचे पाणी गोडे करणारा मोठा कारखाना सुरू झाला. मग पाल्माखिम, हदेरा, सोरेक आणि आमचे अश्दोद. आता घरातल्या नळाला येते ते बरेचसे पाणी समुद्राचेच. 2022 मध्ये तर गोडे केलेले पाणी उलट किन्नेरेतकडे नेणारी वाहिनी तयार झाली.

"म्हणजे हिशेब जुळला!" नातू म्हणाला.

नाही रे बाळा. वहीत एक नाव लिहायचे राहून गेले. यार्देन किन्नेरेतमध्ये संपत नाही. ती पुढे याम हमेलाखला, म्हणजे मृत समुद्राला जाते. वरच्यांनी, म्हणजे इस्रायल, जॉर्डन आणि सीरिया, सगळ्यांनी आपापला वाटा काढून घेतला आणि खाली फार थोडे पाणी उरले. दोन्ही काठांवरचे खनिजांचे कारखानेही तिथले पाणी मिठागरासारखे वाफ करून घालवतात. त्यामुळे तो समुद्र वर्षाला एक मीटरहून जास्त उतरतो आहे. 1960 च्या दशकात त्याची पातळी उणे 395 मीटरच्या आसपास होती, आता ती उणे 435 च्याही खाली आहे. एन गेदीजवळ जमीन खचून खड्डे पडले आहेत. ज्याचे नाव वहीत नव्हते, त्याच्याकडून आपण उधारी करत राहिलो.

नीट हिशेब कसा ठेवतात हे पाहायचे तर आपल्या महाराष्ट्रात चला. नगर जिल्ह्यात (2024 पासून अहिल्यानगर) हिवरे बाजार म्हणून गाव आहे. पाऊस जेमतेम 400 मिलिमीटर. सरपंच पोपटराव पवार आणि गावकऱ्यांनी डोंगरउतारावर चर खणले, बांध घातले, झाडे राखली आणि पाणी मुरवले. पण खरी गोष्ट पुढची. दरवर्षी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात. पाऊस किती झाला, विहिरींना किती पाणी आहे. आधी माणसांचे आणि गुरांचे पिण्याचे पाणी बाजूला काढायचे, मग उरलेल्यात कोणते पीक घ्यायचे ते सर्वांनी मिळून ठरवायचे. ऊस नाही, शेतीसाठी बोअर नाही. पवारांना 2020 मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

आणि आपले कोकण? अलिबाग-पेणकडे दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो, तरी मे महिन्यात विहिरीचा तळ दिसायचा. दोरीला दोरी जोडून पाणी शेंदलेले तुमच्यापैकी कित्येकांना आठवत असेल. पाऊस भरपूर, पण तो समुद्राला पळून जाई. जमा मोठी असून घर चालत नाही, वही लागते. आणि त्या वहीत उताराच्या टोकाला बसलेल्याचेही नाव लागते.

मुलांनो, आता तुम्हाला एक काम. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की बरोबर एक लिटर पाणी होते. सरळ बाजूंचा डबा गच्चीवर ठेवा, पाऊस थांबला की पट्टीने मोजा आणि तारीख घालून वहीत लिहा. गच्ची किती चौरस मीटर आहे ते मोजून गुणाकार करा. शेजारच्या पानावर घरात दिवसाला किती पाणी लागते तेही लिहा. आजीला विचारा, लहानपणी तिच्या घरी किती हंडे पुरायचे.

आमच्या घरची वही सुरू झाली आहे. पहिल्या पानावर नातवाने तीन नावे लिहिली आहेत: किन्नेरेत, आम्ही, आणि शेवटी याम हमेलाख.