निम्म्या गुपिताचे वाटेकरी

वाळवंटातून एक घोडागाडी धावत येते. घोडे जिवंत आहेत, गाडीतली माणसं मात्र मेलेली. टुको नावाचा दरोडेखोर त्या वेळी आपल्या जुन्या भागीदाराला, ब्लाँडीला, गोळी घालायच्या बेतात असतो. गाडी दिसताच तो बेत बाजूला ठेवतो आणि प्रेतांचे खिसे चाचपायला लागतो. एक प्रेत कण्हतं. बिल कार्सन नावाचा हा सैनिक पाणी मागतो आणि पाण्याच्या बदल्यात दोन लाख डॉलरच्या सोन्याची गोष्ट सांगू लागतो. सोनं एका दफनभूमीत पुरलंय. दफनभूमीचं नाव टुकोला कळतं. कुठल्या थडग्यात, ते कळायच्या आत कार्सनचा घसा कोरडा पडतो. टुको पाण्यासाठी पळतो आणि परत येऊन पाहतो तर कार्सन गेलेला, आणि उन्हानं सोललेला, अर्धमेला ब्लाँडी रांगत रांगत गाडीपाशी पोहोचलेला. थडग्यावरचं नाव आता त्याच्या डोक्यात आहे.

पुढचा क्षण मला या चित्रपटातला सगळ्यात आवडता. घटकाभरापूर्वी ज्याला पाण्याचा थेंब मिळू दिला नाही, त्याच ब्लाँडीला टुको आता मरू नकोस म्हणून विनवतो, पाणी पाजतो, औषधपाण्यासाठी मठात घेऊन जातो. त्याचं मन काही पालटलेलं नाही, फक्त हिशेब पालटलाय.

'द गुड, द बॅड अँड द अग्ली' हा सर्जिओ लिओनेचा चित्रपट इटलीत २३ डिसेंबर १९६६ ला लागला. तो गोळीबारासाठी, शिट्टीच्या त्या धूनसाठी आणि क्लिंट ईस्टवुडच्या तोंडातल्या चिरूटासाठी लक्षात राहिला. हे सगळं आहेच. पण मला तो भागीदारीवरचा चित्रपट वाटतो. एकमेकांवर काडीचाही विश्वास नसलेली माणसं एकत्र धंदा कसा करतात, याचा तीन तासांचा ताळेबंद.

त्याचा जन्मही सौद्यातच झाला. लिओनेच्या आधीच्या दोन वेस्टर्नपटांनी, 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' (१९६४) आणि 'फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर' (१९६५) यांनी, युरोपात गल्ला भरला होता. युनायटेड आर्टिस्ट्स या अमेरिकी चित्रपट कंपनीच्या माणसांनी पटकथाकार लुचियानो व्हिन्चेन्झोनीला विचारलं, पुढचा चित्रपट कोणता? हातात कागदाचा कपटाही नव्हता. व्हिन्चेन्झोनीनं तिथल्या तिथे ठोकून दिलं: अमेरिकी यादवी युद्धात खजिन्याच्या मागे लागलेल्या तीन बदमाशांची गोष्ट. सौदा पटला. पटकथा नंतर लिहिली गेली, त्यात आजे आणि स्कार्पेल्ली ही इटालियन विनोदी चित्रपटांतली नावाजलेली जोडी होती. चित्रपटात माणसं मरत असतानाही हसू का फुटतं, याचं एक कारण हे असावं.

ब्लाँडीच्या भूमिकेसाठी ईस्टवुड या खेपेला सहजी तयार नव्हता. पहिल्या चित्रपटात तो एकटा होता, दुसऱ्यात दोघं झाले, आता तिघं. आणि सगळ्यात रसरशीत भूमिका टुकोची, म्हणजे एलाय वॉलकची. शेवटी अडीच लाख डॉलर आणि अमेरिका खंडातल्या नफ्यात १० टक्के यावर त्याचं घोडं गंगेत न्हालं. म्हणजे ज्या सोन्यासाठी पडद्यावर मुडदे पडतात, त्याच्यापेक्षा पन्नास हजार डॉलर जास्त त्याला नुसते अभिनयाचे मिळाले! अर्थात कथेतला १८६२ चा डॉलर आणि १९६६ चा डॉलर यांत फरक आहे, पण लिओनेलाही या विनोदावर हसू आलं असतं.

१८६२ हे साल कथेला नुसता टेकू म्हणून आलेलं नाही. दक्षिणेकडच्या बंडखोर राज्यांचा जनरल हेन्री सिबली त्या वर्षी टेक्सासहून न्यू मेक्सिकोत शिरला. त्याचा डोळा होता कोलोरॅडोच्या सोन्याच्या खाणींवर. मार्चअखेर ग्लोरिएटा खिंडीतल्या लढाईत त्याची रसद जाळली गेली आणि उपाशी फौज टेक्सासकडे माघारी फिरली. चित्रपटात सिबलीची ही पळती फौज दिसते. तीन भामटे सोन्यामागे आहेत, त्याच मुलखात आख्खी फौजही सोन्यामागेच आलेली. फौजेला मात्र कुणी भामटं म्हणत नाही. लिओने ही टोचणी कुठेही बोलून दाखवत नाही, म्हणून ती जास्त लागते.

आता भागीदारीकडे येऊ. टुकोच्या डोक्यावर दोन हजार डॉलरचं बक्षीस आहे. ब्लाँडी त्याला पकडून देतो, बक्षीस घेतो, आणि फाशीच्या क्षणी लांबून नेम धरून दोर तोडतो. मग पैसे निम्मे निम्मे. पुढच्या गावात हाच खेळ, फक्त बक्षीस वाढलेलं. टुकोचं म्हणणं, मान माझी अडकते तेव्हा वाटाही मला जास्त हवा. ब्लाँडी थंडपणे सुचवतो की टक्केवारी कमी झाली तर नेमही जरा ढिला पडू शकतो. सगळ्या बोलण्याला सूर अडत्याच्या पेढीवरचा. अखेर ब्लाँडी भागीदारी मोडतो आणि टुकोला उघड्या माळावर सोडून जातो, गाव सत्तर मैलांवर.

आणि तिसरा? ली व्हॅन क्लीफचा एंजल आईज, ज्याला शीर्षकात दुष्ट म्हटलंय, तो खरं तर तिघांत सगळ्यात शब्दाचा पक्का. सुरुवातीलाच तो एका शेतकऱ्याच्या घरी त्याच्याच ताटात जेवून, त्याच्याकडून बिल कार्सनचं नाव काढून घेतो. समोरचा यमदूत कुणाच्या पैशानं आलाय हे ओळखून शेतकरी उलट त्यालाच हजार डॉलर देतो: मला मारायला ज्यानं पाठवलं त्याला मार. एंजल आईज पैसे घेतो, शेतकऱ्याला मारतो, कारण पहिल्या गिऱ्हाइकाचं काम आधी घेतलंय. मग पहिल्या गिऱ्हाइकाकडे जाऊन आपली मजुरी वसूल करतो आणि त्यालाही मारतो, कारण दुसऱ्याचेही पैसे घेतलेत. करार दोन्हीकडून चोख पाळला! इटालियन शीर्षकात क्रम आहे चांगला, कुरूप, दुष्ट. अमेरिकेत नावाचा क्रम फिरला आणि जाहिरातपटात टुकोला दुष्ट व एंजल आईजला कुरूप अशी लेबलं चिकटली. ही चूक कुणाला फारशी खटकलीही नाही. लेबलं किती पातळ गोंदानं लावली होती, ते त्यावरून कळतं.

डोळ्यांवर विश्वास ठेवू नये, हे तर चित्रपट पुन्हा पुन्हा बजावतो. करड्या गणवेशाची पलटण येताना पाहून टुको दक्षिणेच्या नावानं जयजयकार करतो. अधिकारी जवळ येऊन बाही झटकतो. करडी धूळ उडते आणि खालून उत्तरेचा निळा रंग निघतो. दोघांची रवानगी थेट बंदिछावणीत. तिथं टुकोला मारहाण होत असताना किंकाळ्या बाहेर ऐकू जाऊ नयेत म्हणून कैद्यांच्याच वाद्यवृंदाला वाजवायला लावतात. हे दृश्य रचताना लिओनेच्या मनात नाझी छळछावण्यांतले वाद्यवृंद होते.

फक्त एका ठिकाणी हा हिशेब थांबतो. मठात टुकोला त्याचा सख्खा भाऊ भेटतो, पाद्री झालेला. आईवडील गेले, तू कुठे होतास, असं तो विचारतो. टुकोचं उत्तर असं, की आपल्या गरिबीतून सुटायला दोनच वाटा होत्या, पाद्री व्हायचं किंवा दरोडेखोर. तू तुझी निवडलीस, माझी जास्त कठीण होती. दोघांत हातघाई होते. बाहेर आल्यावर टुको ब्लाँडीला फुशारकी मारतो: भाऊ काय प्रेमळ, जेवल्याशिवाय सोडत नव्हता. ब्लाँडीनं दाराआडून सगळं पाहिलेलं असतं. तो काही बोलत नाही. एवढ्या जेवणावर चिरूट हवाच, असं म्हणून आपला ओढलेला चिरूट टुकोच्या हाती देतो. टुको तो ओढतो आणि हळूहळू त्याचा चेहरा उजळतो.

वॉलकनं या भूमिकेपायी जीव अक्षरशः टांगणीला लावला. फासाच्या दृश्यात गोळीच्या आवाजानं घोडा उधळला आणि पाठीशी हात बांधलेल्या वॉलकला घेऊन मैलभर पळाला. बेडीची साखळी रेल्वेखाली तोडायच्या दृश्यात तो रुळांलगत पडून होता. डब्यांच्या लोखंडी पायऱ्या इतक्या बाहेर आलेल्या की डोकं जरा उचललं असतं तर धडावर राहिलं नसतं. सोन्याच्या पिशव्या सहज फाटाव्यात म्हणून आणलेलं आम्ल सरबताच्या बाटलीत ठेवलेलं, ते त्यानं तोंडात घेतलं. लिओनेला इंग्रजी येत नव्हतं, वॉलकला इटालियन. दोघं फ्रेंचमध्ये बोलत. बंदुकांच्या दुकानातलं दृश्य मात्र लिओनेनं त्याच्यावरच सोडलं. बंदुकीतलं ओ की ठो कळत नसलेला वॉलक पिस्तुलं खोलतो, एकाची नळी, दुसऱ्याचं चक्र उचलतो, कानाशी धरून खटके ऐकतो आणि त्यांतून स्वतःचं पिस्तूल जुळवतो. पाहणाऱ्याला वाटावं, हा जन्माचा कारागीर.

पुलाची गोष्ट तर सिनेमावाल्यांच्या गप्पांत अजून रंगते. स्पेनच्या लष्करानं चित्रीकरणासाठी नदीवर पूल बांधून दिला होता. तो उडवायचा मान लष्करी कॅप्टनला दिला. इशाऱ्यात गफलत झाली, कॅमेरे सुरू व्हायच्या आधीच बटण दाबलं गेलं आणि पूल आभाळात. लष्करानं तो पुन्हा बांधला, पुन्हा उडवला. पडद्यावर दिसतो तो दुसरा.

कथेत याच पुलाला सुरुंग लावताना, मेलो तर गुपित आपल्याबरोबर जाईल या भीतीनं दोघं आपापलं निम्मं गुपित सांगून टाकतात. टुको म्हणतो, सॅड हिल. ब्लाँडी म्हणतो, आर्च स्टँटन. त्यातलं टुकोचं खरं निघतं. ज्याला चित्रपट 'चांगला' म्हणतो त्याचं खोटं!

मग ती दफनभूमी, आणि थडग्यांच्या रांगांतून वेड्यासारखा धावणारा टुको. एन्नियो मोरिकोनेचं संगीत, एड्डा डेल्लोर्सोचा शब्दांवाचूनचा आवाज, आणि टोनिनो देल्ली कोल्लीचा कॅमेरा असा गरगरतो की थडग्यांच्या नुसत्या रेघा उरतात. मोरिकोने आणि लिओने रोमच्या एकाच प्राथमिक शाळेत शिकलेले. मुख्य धून कोल्ह्याच्या कोल्हेकुईसारखी आहे आणि तिघांसाठी तिचा आवाज वेगवेगळा: ब्लाँडीला बासरी, एंजल आईजला ओकारिना नावाचं मातीचं फुंकवाद्य, टुकोला माणसाचा गळा. तिघांत माणूस कोण, हे संगीतकारानं आधीच सांगून ठेवलंय.

शेवटची झुंज गोल रिंगणात, तिघांत. दोघांची झुंज सोपी असते, समोरच्यावर नजर ठेवायची. तिघांत नजर कुणावर ठेवायची? एकावर गोळी झाडली की तिसऱ्याला मोकळं रान. म्हणून कुणीच हलत नाही. मिनिटं जातात, डोळे, हात, पुन्हा डोळे. व्हॅन क्लीफच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेरं नाही, तेही दिसतं. ब्लाँडीनं थडग्याचं नाव एका दगडावर लिहून मधोमध ठेवलंय. पहिल्यांदा पाहताना आपणही श्वास रोखून असतो. दुसऱ्यांदा पाहताना कळतं की तिघांची झुंज कधी नव्हतीच. टुकोच्या पिस्तुलातल्या गोळ्या ब्लाँडीनं आदल्या रात्रीच काढलेल्या. आणि दगडावर काही लिहिलेलं नाही. सोनं आर्च स्टँटनच्या शेजारच्या, नाव नसलेल्या थडग्यात.

हा कोरा दगड पाहिला की मला 'शोले'तलं जयचं नाणं आठवतं. दोन्ही बाजूंना छापा असलेलं. 'शोले'वर लिओनेचं ऋण आहे हे आता सर्वमान्य. सूरमा भोपालीकरवी स्वतःला पकडून देऊन बक्षीस वाटून घेण्याची युक्तीही याच कुळातली. पण सलीम-जावेदनी फसवणुकीची दिशा बदलली. जय नाण्यानं फसवतो ते मित्राला वाचवून स्वतः मरण्यासाठी. ब्लाँडी दगडानं फसवतो ते स्वतः वाचण्यासाठी. आपल्याकडे मैत्रीशिवाय पडदा पडणं अवघडच. (वॉलक भारतीय प्रेक्षकांना 'मॅकेनाज गोल्ड'मध्येही दिसला होता. तिथंही सोनंच!)

एक गणित मात्र मला छळतं. त्या काळच्या वीस डॉलरच्या सोन्याच्या नाण्याचं वजन सुमारे ३३.४ ग्रॅम. दोन लाख डॉलर म्हणजे अशी दहा हजार नाणी, ३३४ किलो. निम्मा वाटा १६७ किलो. तो घोड्यावर लादून वर स्वतः बसून ब्लाँडी दौडत जातो! माथेरानच्या कुठल्याही घोडेवाल्याला विचारा, तो या दोनशे-अडीचशे किलोंवर काय म्हणेल.

सॅड हिल अमेरिकेत नाही. ती स्पेनमध्ये, बुर्गोस प्रांतात, सांतो दोमिंगो दे सिलोस गावाजवळच्या दरीत आहे. सुमारे पाच हजार खोटी थडगी स्पॅनिश सैनिकांनी उभारली. चित्रीकरण संपलं, लाकडी क्रूस गेले, रिंगणावर माती आणि गवत चढलं, गुरं चरायला लागली. २०१५ मध्ये आसपासच्या काही चाहत्यांनी कुदळी-फावडी घेऊन सुट्टीच्या दिवशी तिथं खणायला सुरुवात केली. वीतभर मातीखाली रिंगणाची फरसबंदी जशीच्या तशी निघाली. बातमी पसरली तशी परदेशांतूनही माणसं खणायला आली, पदरचे पैसे खर्चून. गिलेर्मो दे ऑलिव्हेरानं यावर 'सॅड हिल अनअर्थ्ड' (२०१७) हा माहितीपट केला. त्यात ईस्टवुड आणि मोरिकोने आहेत, तसाच मेटॅलिका या बँडचा जेम्स हेटफिल्डही, कारण १९८३ पासून त्यांच्या मैफिली टुकोच्या त्या धावण्याच्या संगीतानं सुरू होतात.

खर्च भागवायला चाहत्यांनी एक युक्ती काढली. १५ युरो द्या, एका क्रूसवर तुमचं नाव रंगवू. धडधाकट माणसांनी हौसेनं आपापली थडगी विकत घेतली. आर्च स्टँटनचंही आहे, जुन्या जागी. शेजारी ते बिननावाचं.