विश्लेषण : टेक्सासमध्ये शाळेच्या कोचला लाख डॉलर, धर्माबादच्या क्रीडाशिक्षकाच्या हाती काय?

शालेय स्पर्धा तालुक्यापासून दिल्लीपर्यंत कशा चालतात, त्यातून खेळाडूला काय मिळते आणि संघ उभा करणाऱ्या 'सरां'ना काय, हे समजून घेऊ.

शाळा सुरू होऊन दीड-दोन महिने झाले की तालुक्याच्या गावी एक दृश्य हमखास दिसते. एकसारखे टी-शर्ट घातलेली दहा-बारा मुले, खांद्याला पिशव्या, कुणाच्या पायात बूट तर कुणाच्या चपला. सोबत गळ्यात शिट्टी अडकवलेले सर आणि त्यांच्या फाइलमध्ये मुलांची ओळखपत्रे, जन्मतारखेचे दाखले. धर्माबादहून नांदेडला जिल्हास्तरीय स्पर्धेला निघालेला संघ असाच रेल्वे स्थानकावर उभा असतो. हरला तर संध्याकाळच्या गाडीने परत. जिंकला तर पुढची फेरी लातूरला, आणि त्या प्रवासाची, जेवणाची, मुक्कामाची जुळवाजुळव बहुतेक वेळा सरांच्याच अंगावर.

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत, धर्माबादएवढ्या किंवा त्याहूनही छोट्या गावांत, शाळेच्या संघाचा कोच हा गावातला सर्वांत ओळखीचा माणूस असतो. तिथे त्याला पगार आणि मान दोन्ही मिळतात. संघ हरला तर त्याची नोकरीही जाते. आपल्याकडे यातले काय आहे आणि काय नाही?

तालुका ते राष्ट्रीय : स्पर्धेचा जिना कसा?

राज्यात शालेय स्पर्धा क्रीडा व युवक सेवा संचालनालय घेते. वयोगट तीन : १४, १७ आणि १९ वर्षांखालील. खो-खो, कबड्डी, व्हॉलीबॉलसारख्या सांघिक खेळांत तालुक्याचा विजेता जिल्ह्याला, जिल्ह्याचा विजेता विभागाला आणि विभागाचा विजेता राज्य स्पर्धेला जातो. क्रीडा खात्याचे राज्यात आठ विभाग आहेत. नांदेड जिल्हा लातूर विभागात येतो.

यातली एक बाब पालकांच्या सहसा लक्षात येत नाही. महापालिका क्षेत्राची स्पर्धा स्वतंत्र होते. म्हणजे धर्माबादच्या शाळेची गाठ नांदेड शहरातील शाळांशी जिल्हा स्पर्धेत पडत नाही, ती थेट विभागात पडते. ग्रामीण संघाला जिल्हा जिंकण्याची खरी संधी यामुळेच मिळते. विभागात मात्र समोर शहरातले संघ असतात. त्यांच्याकडे बहुधा चांगले मैदान असते आणि वर्षभर सराव घेणारा प्रशिक्षकही.

राज्य स्पर्धेनंतर निवड चाचणीतून महाराष्ट्राचा संघ ठरतो आणि तो भारतीय शालेय क्रीडा महासंघाच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळतो. फुटबॉलमधील सुब्रतो चषक याला अपवाद आहे. पहिले भारतीय हवाई दलप्रमुख एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी यांच्या नावाने १९६० मध्ये सुरू झालेल्या या स्पर्धेत राज्य जिंकणारी शाळाच राष्ट्रीय स्पर्धेला जाते. तीच मुले, तेच सर.

खेळाडूला काय मिळते?

एक, दहावी-बारावीला सवलतीचे क्रीडागुण. कोणत्या पातळीवर खेळला आणि कितवा आला, त्यावर गुण ठरतात. दोन, सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण. तीन, गुणवान मुलांसाठी राज्य सरकारच्या निवासी क्रीडा प्रबोधिनी. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या बालेवाडीत सरकारी क्रीडा व्यवस्थेतच घडला.

मराठवाड्यातल्या घरात यातली दुसरी बाब सर्वांत मोठी. पोलीस किंवा तलाठी भरतीत काही गुणांनी हुकणाऱ्या मुलासाठी क्रीडा प्रमाणपत्राचे मोल काय, हे वेगळे सांगायला नको. म्हणूनच बनावट प्रमाणपत्रांचा धंदाही उभा राहिला आणि अशी प्रकरणे राज्यात उघडकीस आली. आता नोकरीसाठी दिलेल्या प्रमाणपत्राची क्रीडा खात्याकडून पडताळणी होते. त्यामुळे खऱ्या खेळाडूलाही जुने कागद जपून ठेवावे लागतात.

थोडक्यात, खेळाडूसाठी जिना आहे. त्याच्या पायऱ्या झिजलेल्या असतील, पण आहेत.

मग शिक्षकाला काय?

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला खेळाचे मैदान हवे, असे म्हटले आहे. शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाबाबत मात्र हा कायदा हात आखडता घेतो. सहावी ते आठवीत शंभराहून अधिक विद्यार्थी असतील, तरच कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणासाठी निदेशक, आणि तोही अंशकालीन. खेड्यातली पटसंख्या पाहिली तर कितीतरी शाळा या अटीतच बसत नाहीत.

माध्यमिक शाळेत बीपीएड झालेला पूर्णवेळ शिक्षक असला, तरी दुसरी अडचण येते. दहावीला आरोग्य व शारीरिक शिक्षण हा श्रेणीचा विषय आहे. टक्केवारीत तो धरला जात नाही. टक्केवारीत नसलेल्या विषयाच्या तासिकेचे काय होते, हे शाळेत गेलेल्या कुणालाही विचारा. जानेवारीनंतर तिथे गणित नाही तर विज्ञान शिरते. खेळाचा खरा सराव तासिकेत होतच नाही. तो सकाळी शाळेआधी आणि संध्याकाळी शाळेनंतर होतो. ते तास कुठल्याही वेळापत्रकात नसतात, म्हणून कामातही मोजले जात नाहीत.

बक्षिसांचे गणितही पाहू. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये नेमबाजीत कांस्य जिंकणाऱ्या स्वप्नील कुसाळेला राज्य सरकारने दोन कोटी रुपये दिले आणि त्याच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे यांना २० लाख. म्हणजे खेळाडूच्या रकमेचा दहावा हिस्सा. प्रशिक्षकाची दखल घेतली जाते हे चांगलेच. पण ती घेतली जाते शेवटच्या पायरीवर. बारा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा मैदानावर उभे करणाऱ्याचे नाव या हिशेबात सहसा येत नाही.

टेक्सासमध्ये वेगळे काय घडते?

आधी खेळाविषयी. तिथे फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडू हातात घेऊन खेळायचा, धक्काबुक्कीचा अमेरिकन फुटबॉल. शाळांचे सामने शुक्रवारी रात्री दिव्यांच्या उजेडात होतात. देशभरात दहा लाखांहून अधिक मुले शाळेकडून हा खेळ खेळतात. टेक्सासमध्ये पटसंख्येनुसार शाळांचे गट पाडले जातात. शंभरेक विद्यार्थ्यांच्या शाळेलाही संघ उतरवता यावा, म्हणून अकराऐवजी सहा खेळाडूंचा वेगळा प्रकार आहे. १९३४ मध्ये नेब्रास्कातल्या एका शिक्षकाने तो छोट्या शाळांसाठीच शोधला.

टेक्सासमधील मोठ्या शाळांच्या मुख्य कोचचा वार्षिक पगार लाख डॉलरच्या पुढे जातो. वर्गात शिकवणाऱ्या शिक्षकाला तेवढा मिळत नाही. डॅलसजवळच्या ॲलन या शहराने २०१२ मध्ये एका शाळेच्या संघासाठी १८ हजार आसनांचे स्टेडियम बांधले. खर्च सुमारे सहा कोटी डॉलर. दोनच वर्षांत काँक्रीटला तडे गेले आणि ते काही काळ बंद ठेवावे लागले, हा भाग वेगळा.

हा पैसा येतो कुठून? तिथल्या शाळा बऱ्याच अंशी स्थानिक मालमत्ता करावर चालतात आणि स्टेडियमसारख्या मोठ्या खर्चासाठी मतदार कर्जरोख्यांना मंजुरी देतात. पैसा गावाचा, म्हणून संघ गावाचा. आणि म्हणूनच कोचला जाब विचारणारेही गावच.

या वेडाची दुसरी बाजू पत्रकार एच. जी. बिसिंजर यांच्या १९९० च्या 'फ्रायडे नाइट लाइट्स' या पुस्तकाने जगापुढे आणली. ओडेसा गावातल्या पर्मियन हायस्कूलच्या १९८८ च्या हंगामावर ते आहे. एक महत्त्वाचा सामना हरल्यावर लोकांनी कोच गॅरी गेन्स यांच्या घरासमोर 'घर विकणे आहे' अशा पाट्या नेऊन ठोकल्या होत्या. मैदानावर चमकणाऱ्या मुलांच्या अभ्यासाकडे कसा काणाडोळा होतो, हेही त्यात आहे. तेव्हा टेक्सास जसेच्या तसे उचलावे, असे कुणी म्हणणार नाही. घेण्यासारखी गोष्ट एकच आहे : तिथे शाळेचा कोच हे एक पद आहे. एक कोच गेला की दुसरा नेमला जातो.

आपल्याकडे खो-खो, कबड्डीच का?

याचे एक उत्तर जागेत आहे. खो-खोचे मैदान २७ बाय १६ मीटरचे, म्हणजे ४३२ चौरस मीटर. फुटबॉलचे साधारण १०० बाय ६४ मीटर, म्हणजे ६,४०० चौरस मीटर. एका फुटबॉल मैदानात खो-खोची जवळपास १५ मैदाने बसतात. शिवाय खो-खोला दोन खांब आणि फक्की पुरते. वीस मुलांना एकाच वेळी खेळात गुंतवता येते.

फुटबॉल रुजवण्याचा मोठा प्रयत्न राज्याने केला होता. १७ वर्षांखालील विश्वचषकाच्या तोंडावर, १५ सप्टेंबर २०१७ रोजी 'महाराष्ट्र मिशन वन मिलियन' या उपक्रमात एकाच दिवशी दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवण्याचे लक्ष्य ठेवले गेले. शाळांना चेंडू मिळाले, मुले हौसेने खेळली. पण १६ सप्टेंबरला त्या मुलांना कोण शिकवणार, हा प्रश्न तिथेच राहिला. चेंडू पाठवता येतो, पण तो घेऊन रोज मैदानावर उभा राहणारा माणूस नेमावा लागतो.

सर टिकले तर काय होते? धाराशिवकडे पाहा

लातूर विभागातच याचे उत्तर आहे. धाराशिवच्या सारिका काळेने २०१६ च्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत भारतीय महिला खो-खो संघाचे नेतृत्व करत सुवर्णपदक जिंकले. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला हा पुरस्कार २२ वर्षांनी मिळत होता. घरची परिस्थिती इतकी हलाखीची की कित्येक वर्षे आपण एकवेळच जेवत होतो, असे तिने नंतर सांगितले. २०१६ मध्ये ती खेळ सोडण्याच्या विचारात होती. प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी समजूत काढल्यावर ती मैदानावर परतली. पुढे सारिका तालुका क्रीडा अधिकारी झाली, म्हणजे मैदानाकडून टेबलाच्या त्या बाजूला गेली.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या महिलांनी नेपाळला ७८-४० आणि पुरुषांनी ५४-३६ असे हरवले. महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे आणि पुरुष संघाचा कर्णधार प्रतीक वाईकर, दोघेही महाराष्ट्राचे. महिला संघात धाराशिवची अश्विनी शिंदेही होती. एकाच छोट्या शहरातून एका मागोमाग एक खेळाडू निघतात, तेव्हा ते नशीब नसते. तिथे वर्षानुवर्षे कुणीतरी संध्याकाळी मैदानावर हजर असते.

आणि सर निघून गेले तर? लातूरची कुस्ती

निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ चे महाराष्ट्र केसरी. १९७० मध्ये एडिंबराच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्ण जिंकले. पुढे वस्ताद म्हणून त्यांनी आयुष्य घालवले ते पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत. त्यांचे शिष्य, लातूर जिल्ह्याचेच अर्जुन पुरस्कार विजेते काका पवार यांनीही तालीम उभारली ती पुण्यात, कात्रजला. २०१९ च्या जागतिक स्पर्धेत कांस्य जिंकणारा बीड जिल्ह्यातला राहुल आवारे याच परंपरेतला.

यात दोष कुणाचाच नाही. खुराक, सरावाचे जोडीदार, आश्रयदाते पुण्यात होते. पण परिणाम असा की मराठवाड्यातल्या मुलाला पैलवान व्हायचे तर आधी घर सोडावे लागते. ज्याच्या बापाला महिन्याच्या खुराकाचा खर्च झेपतो तो जातो. बाकीचे गावच्या जत्रेतल्या कुस्तीवर थांबतात. मुलींसाठी हा रस्ता आणखी अवघड. चौदा वर्षांच्या मुलीला घरापासून इतक्या दूर एकटी पाठवायला किती घरे तयार होतील? तिच्यासाठी शाळेचे मैदान आणि ओळखीचे सर किंवा मॅडम हीच पहिली आणि बहुधा शेवटची संधी असते.

पालकांनी शाळेत काय विचारावे?

• शारीरिक शिक्षणाला स्वतंत्र शिक्षक आहे का? नसेल तर ती जबाबदारी कुणाकडे आहे?

• खेळाच्या तासिका वर्षभर होतात का, की परीक्षा जवळ आल्यावर बंद पडतात?

• यंदा शाळेने कोणत्या खेळात, कोणत्या वयोगटात तालुका स्पर्धेची प्रवेशिका भरली? प्रवेशिकाच गेली नाही, तर मूल कितीही चांगले खेळत असले तरी स्पर्धेबाहेर राहते.

• सहभागाचे आणि प्रावीण्याचे प्रमाणपत्र मिळाले का, त्यावरील नाव व जन्मतारीख शाळेच्या दाखल्याशी जुळते का? भरतीच्या वेळी पडताळणीत हेच पाहिले जाते.

• संघ बाहेरगावी जातो तेव्हा खर्च कोण करतो? शालेय व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हा प्रश्न मांडता येतो.

शेवटचा प्रश्न पालकांना नव्हे, शासनाला आहे. तालुक्याच्या गावातला चांगला संघ बहुतेक वेळा एका माणसाच्या हौसेवर उभा असतो. ते सर निवृत्त झाले किंवा त्यांची बदली झाली की मैदानावरची आखणी पुसली जाते आणि पुढच्या वर्षी स्थानकावर संघ दिसत नाही. गुण आणि आरक्षण देताना शासनाने खेळाडू नजरेपुढे ठेवला. त्या खेळाडूला तयार करणारे सर निवृत्त झाल्यावर त्यांच्या जागी कोण येणार, हे ठरवणे अजून बाकी आहे.