स्वयंवराच्या चाली आणि भास्करबुवा

१८६९च्या मार्चमध्ये पॅरिसला संगीतकार बर्लिओझ वारला. त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला बडोदे संस्थानातल्या कठोर गावी भास्कर रघुनाथ बखले जन्मले. बर्लिओझ, ब्राम्स, वर्दी यांनी रचलेला प्रत्येक स्वर कागदावर उतरवून ठेवला. आपल्याकडच्या रचनाकाराचं काम शिष्यांच्या गळ्यावर सोपवलेलं, त्यामुळे नाव गायकाचं होई आणि चाल बांधणारा मागे राही.

भास्कर लहानपणी किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाला. 'रामराज्यवियोगा'तली त्याची कैकेयी गाजली, बीनकार बंदे अलींनीही त्या पोराला जवळ केलं. पुढे आवाज फुटला आणि नाटकातलं स्थान गेलं. मग सुरू झाली खरी तालीम: बडोद्याला फैज महंमद खाँ, नंतर आग्रा घराण्याचे नत्थन खाँ, आणि स्वतःचं नाव झाल्यावरही अल्लादिया खाँ. घराण्याची कुंपणं कडक असण्याच्या त्या काळात एकाच गळ्यात तीन तालमी! धारवाडच्या ट्रेनिंग कॉलेजात त्यांनी संगीतशिक्षकाची नोकरी केली आणि १९११ साली पुण्यात भारत गायन समाज उभा केला.

त्यांच्या शिष्यांपैकी एकाचा धागा खानदेशात पोचतो. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे पुढचे बालगंधर्व, शाळकरी वयात जळगावला नातेवाइकांकडे होते. गाण्याचे पहिले धडे त्यांनी तिथेच मेहबूब खाँकडे घेतले. जळगावात आज बालगंधर्वांच्या नावाचं खुलं नाट्यगृह आहे आणि जानेवारीत त्यांच्याच नावाचा संगीत महोत्सव भरतो.

१० डिसेंबर १९१६ रोजी नाटककार खाडिलकरांचं 'स्वयंवर' रंगभूमीवर आलं. रुक्मिणी बालगंधर्वांची, चाली भास्करबुवांच्या. पाच वर्षं आधीच्या 'मानापमाना'त गोविंदराव टेंब्यांनी ठुमरी-दादऱ्याच्या बाजाच्या चाली आणल्या होत्या. बुवांनी थेट ख्यालाच्या बंदिशींनाच हात घातला. मूळ चीज बुवा सुचवत आणि तिच्या वजनात खाडिलकर मराठी शब्द बसवत.

'सुजन कसा मन चोरी' हे पद घ्या. राग भूप: सा, रे, ग, प, ध, एवढेच पाच स्वर. मध्यम आणि निषाद नाहीत, म्हणून गंधारावरून पंचमावर थेट जावं लागतं. साधा गळाही ही चाल गुणगुणू शकतो. पण तिच्यात ख्यालाचा सांगाडा शाबूत असल्याने जाणता गायक तिच्यावरच अर्धा तास आलापी करू शकतो. तसाच 'नाथ हा माझा'मधला यमन, 'मम आत्मा गमला'मधला बिहाग. मैफलीत कधी न बसलेल्या प्रेक्षकाच्या कानावर हे राग नाटकाच्या तिकिटावर पडू लागले. बुवांची ही कामगिरी त्यांच्या मैफलींइतकीच मोठी मानायला हवी.

याला दुसरी बाजूही होती. 'वन्स मोअर'च्या गजरात पदं लांबत, रुक्मिणीचा कृष्णासाठीचा जीव बाजूला राही आणि नाटक पहाटेपर्यंत चाले. तबकडीने उलट टोक गाठलं: एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं, त्यात आलापी कुठली मावणार? तरी बालगंधर्वांच्या तबकड्यांमुळेच या चाली नाटक कंपनीचा मुक्काम न पडलेल्या गावीही पोचल्या.

१९२० साली बुवांनी 'द्रौपदी'ला चाली दिल्या आणि ८ एप्रिल १९२२ रोजी वयाच्या ५२व्या वर्षी ते गेले. बालगंधर्वांच्या नाटक कंपनीच्या संगीताचा भार पुढे त्यांचेच शिष्य मास्टर कृष्णरावांनी उचलला. खुद्द बुवांच्या आवाजाची एकही तबकडी नाही.